कॅमेरा चालू आहे, हे सांगायचं कुणी?

नगरहून करंजीचा घाट ओलांडून, तिसगाव मागे टाकून पाथर्डीत शिरलं की जरा नजर वर ठेवून चालावं. सराफाच्या दुकानावर कॅमेरा, कापडाच्या दुकानावर कॅमेरा, पतसंस्थेच्या शटरवर दोन, खत-बियाण्यांच्या दुकानाच्या पाटीखाली एक. कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरचं हे गाव. हॉटेल, पेट्रोल पंप, गॅरेज, ज्याने त्याने आपापला पहारेकरी भिंतीला टांगलेला. संपादकांनी यंदा ‘पहारा’ हा विषय दिला, तेव्हा डोक्यात आधी गडकोट आणि बुरूजच आले होते. बाजारपेठेतून एक चक्कर मारली आणि ते मागे पडलं.

दुकानातला कॅमेरा बंद पडला तर मालक दिवस मावळायच्या आत माणूस बोलावतो, कारण त्यात त्याचा गल्ला अडकलेला असतो. पोलीस ठाण्यातला कॅमेरा बंद पडला तर घाई कुणाला असते? ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांना तो चोवीस तास पाहत असतो, म्हणजे त्यांना नाही. कंत्राटदाराचं बिल तिमाहीला निघणार असतं, म्हणजे त्यालाही नाही. घाई असते ती कोठडीच्या गजांआड बसलेल्याला किंवा तक्रार घेतली जात नाही म्हणून बाकड्यावर ताटकळणाऱ्याला. त्या माणसाला मात्र कॅमेरा चालू आहे की बंद, हे कळायची काही सोय नसते. पोलिसांच्या इमारतींमधल्या कॅमेऱ्यांच्या देखभालीचं कंत्राट हा वरवर पाहता कारकुनी विषय या गोष्टीमुळे नीट समजून घेण्यासारखा होतो.

कोर्टाने आखून दिलेला नकाशा

पाथर्डी ठाण्यात कुठे कुठे कॅमेरे आहेत ते मी इथे लिहिणार नाही. ते छापायची गोष्टही नाही. पण देशातल्या कोणत्याही ठाण्यात ते कुठे असायला हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजीत सिंग या खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, के. एम. जोसेफ आणि अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने यादीच दिली. आत-बाहेर जायचे सगळे दरवाजे, मुख्य फाटक, सगळ्या कोठड्या आणि त्यांच्या बाहेरची जागा, बोळ, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, उपनिरीक्षकांची खोली, ठाणे अंमलदाराची जागा, आवाराची पुढची बाजू, ठाण्याची मागची बाजू. स्वच्छतागृहाच्या बाहेर कॅमेरा हवा, आत नको. अंधारात दिसलं पाहिजे, आवाजही नोंदला गेला पाहिजे. चित्रण अठरा महिने टिकलं पाहिजे. तशी साधनं बाजारात मिळत नसतील तर जास्तीत जास्त जितकं टिकेल तितकं, पण वर्षाच्या खाली कदापि नाही. जिथे वीज किंवा इंटरनेट नाही तिथे सौर किंवा पवन ऊर्जेचीही सोय करा, इथपर्यंत न्यायालय गेलं. इथे कॅमेरे आहेत आणि तक्रार करायचा तुम्हाला हक्क आहे, अशी पाटी लोकांच्या भाषेत दर्शनी भागात लावायलाही सांगितलं.

महाराष्ट्राला ही गोष्ट त्याआधीच सांगून झाली होती. वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यात असलेल्या एका तरुणाच्या मृत्यूनंतर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्येच राज्यातल्या ठाण्यांत कॅमेरे लावायचे आदेश दिले होते. आदेशापासून भिंतीपर्यंतचं अंतर मात्र लांब निघालं. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने उच्च न्यायालयात आकडे मांडले. राज्यात १,०८९ पोलीस ठाणी, त्यांपैकी ५४७ ठाण्यांत कॅमेरे बसलेले. कॅमेरे ६,०९२ आणि त्यांतले चालू ५,६३९. म्हणजे शंभरातले सातएक बंद. आकडा तसा फार वाईट दिसत नाही. पण ‘चालू’ म्हणजे नक्की काय, हा प्रश्न त्या आकड्याच्या पोटात राहतो. पडद्यावर चित्र दिसतं म्हणून चालू, की मागच्या आषाढातलं चित्रण आज काढून देता येतं म्हणून चालू?

ऊसतोडीला गेलेला माणूस आणि अठरा महिने

या प्रश्नाचं गांभीर्य पाथर्डीत जितकं कळतं तितकं पुण्या-मुंबईत कळणार नाही. हा गर्भगिरीच्या कुशीतला, पावसाला पारखा तालुका. दसरा-दिवाळी उरकली की इथल्या वाड्या-वस्त्यांवरच्या कोयत्यांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. हंगाम संपवून परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. जाण्याआधीचे दिवस धामधुमीचे. मुकादमाकडून घेतलेली उचल, फिरलेली उचल, बुडालेली उचल यावरून वाद पेटतात आणि त्यांतले काही ठाण्याच्या पायरीपर्यंत येतात.

आता समजा, कार्तिकात अशा एखाद्या माणसाला ठाण्यात बोलावून घेतलं आणि तिथे त्याच्यावर हात उगारला गेला. चार दिवसांनी गाडी निघाली, तो फडावर गेला. परत आला चैत्रात. कुणीतरी सांगितलं म्हणून वकिलाकडे गेला. ठाण्यात चित्रण तीसच दिवस टिकत असेल तर त्याच्या बाजूने बोलणारा एकमेव तटस्थ साक्षीदार केव्हाच पुसला गेलेला असणार. मानवी हक्क संरक्षण कायद्याने आयोगाकडे तक्रार करायला एक वर्षाची मुदत दिली आहे. तक्रार दाखल होऊन आयोगाची नोटीस ठाण्यात पोहोचेपर्यंत आणखी काही महिने जातात. अठरा महिन्यांची अट या हिशेबाशी नेमकी जुळते.

अठरा महिने म्हणजे किती साठवण, हे मात्र कागद-पेन्सिल घेऊन पाहावं लागतं. बऱ्या दर्जाचं चित्र देणारा कॅमेरा सेकंदाला साधारण दोन मेगाबिट माहिती पाठवतो. दिवसाला २१ ते २२ जीबी झाले. अठरा महिन्यांचे ५४७ दिवस धरले तर एका कॅमेऱ्याला जवळजवळ १२ टीबी लागतात. सोळा कॅमेऱ्यांच्या ठाण्याला १९० टीबीच्या आसपास. चित्र जास्त दाबून साठवलं आणि वेग निम्म्यावर आणला तरी ९५ टीबी. दुकानात बसणाऱ्या चार कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये दोन टीबीची एक डिस्क असते. त्याच दराने ती तेवीसएक दिवसांत भरते. मग रहाटगाडग्याचा खेळ सुरू होतो, नवं भरत जातं आणि जुनं सांडत जातं. ठाण्याला हवी असलेली यंत्रणा दुकानाच्या यंत्रणेपेक्षा आकाराने थोडी मोठी असून भागत नाही. तिची जातच वेगळी लागते आणि तिच्या डिस्क ठरावीक काळाने बदलायचा खर्चही वेगळा येतो.

या खर्चातून सुटायची एक पळवाट रेकॉर्डरच्या मेनूतच असते. हालचाल झाली तरच चित्रण करायचं, एरवी नाही. गोदामाला हे चालेल. कोठडीत मात्र मार खाऊन निपचित पडलेल्या माणसाच्या बाबतीत ही सोय त्याच्या जिवावर उठते, कारण तो हलत नाही म्हणून यंत्रही काही नोंदवत नाही. निविदेत ‘अखंड चित्रण’ हे दोन शब्द आहेत की नाहीत, एवढ्यावर हा फरक ठरतो.

दुरुस्तीच्या टेबलावर

तालुक्याच्या गावी कॅमेरा दुरुस्तीचं दुकान म्हणजे बहुधा मोबाइलच्या दुकानाचा मागचा अर्धा भाग. टेबलावर झाकण काढलेला रेकॉर्डर, शेजारी ब्लोअर, मल्टिमीटर आणि डबाभर कनेक्टर. ब्लोअरचा झोत दिला की आतून आधी राखाडी धूळ उडते आणि मग पंख्याची पाती दिसायला लागतात. या टेबलावर तासभर थांबलं की कॅमेऱ्याच्या आजारांत कॅमेरा क्वचितच आजारी असतो, हे ध्यानात येतं. जातो तो बारा व्होल्टचा अॅडॉप्टर. जाते ती यूपीएसची बॅटरी, कारण तिच्यावर संगणक, प्रिंटर आणि एखादा पंखाही कुणीतरी जोडलेला असतो. माळ्यावरून गेलेली केबल उंदीर कुरतडतात. रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो. मग रात्रभर पडद्यावर नुसता पांढरा धूर. वळवाच्या पावसात वीज जवळपास कडाडली की बाहेरच्या खांबावरच्या कॅमेऱ्याची लांब केबल तो धक्का थेट आत आणते आणि रेकॉर्डरची पोर्टं उडतात.

यांतले बहुतेक बिघाड निदान दिसतात तरी. खरा फसवा बिघाड डिस्कचा. डिस्क मेली तरी पडद्यावर चित्र झकास येतच राहतं. माणसं येतात, जातात, पंखा फिरतो, सगळं जिवंत दिसतं. साठत मात्र काहीच नाही. रेकॉर्डर बिचारा टीं-टीं करून ओरडत असतो. त्या आवाजाने बसलेल्यांचं डोकं उठतं, म्हणून कुणीतरी मेनूत जाऊन बझर बंद करतं. मग तपासणीला आलेला साहेब पडदा पाहतो आणि शेरा मारतो, ‘सर्व कॅमेरे सुस्थितीत’. तो खोटं लिहीत नाही. त्याला विचारलेलाच प्रश्न चुकीचा असतो.

लिफाफे दोन, मेख तिसरीच

देखभालीचे करार दोन तऱ्हांचे. एकात कंत्राटदार माणूस पाठवतो, सुट्या भागांचे पैसे वेगळे. बोलीभाषेत हीच एएमसी. दुसऱ्यात भागांसकट सगळं त्याच्या अंगावर, म्हणजे सर्वसमावेशक करार, सीएमसी. पहिला स्वस्त दिसतो. पण डिस्क गेली की नवीन डिस्कसाठी प्रस्ताव, दरपत्रकं, मंजुरी, लेखाशीर्षात तरतूद असा कागदांचा प्रवास सुरू होतो आणि तोवर ठाणं आंधळं. दुसरा महाग दिसतो. पण फोन केला की जबाबदारी दुसऱ्याची.

खरेदीची रीत ठरलेली आहे. राज्य सरकारने १ डिसेंबर २०१६ रोजी कार्यालयीन खरेदीची नवी नियमपुस्तिका लागू केली. मोठ्या कामांना महाटेंडर्स संकेतस्थळावर ई-निविदा किंवा केंद्राच्या जेम पोर्टलवर बोली. आधी तांत्रिक लिफाफा उघडायचा. त्यात उलाढाल, सरकारी कामाचा अनुभव, बयाणा रक्कम, उत्पादकाचं अधिकारपत्र. त्यात पास झालेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडायचा आणि सगळ्यात कमी दर ज्याचा तो एल-वन. त्याला कार्यादेश.

इथे पहिली मेख बसते. उलाढालीच्या अटीमुळे पाथर्डीतल्या त्या टेबलावरच्या माणसाला बोलीच लावता येत नाही. काम जिल्ह्याचं किंवा राज्याचं निघतं आणि शहरातली कंपनी ते घेते. एका ठाण्याच्या एका अॅडॉप्टरसाठी नगरहून पन्नास किलोमीटर गाडी पाठवणं तिला परवडत नाही, म्हणून शेवगाव, पाथर्डी, जामखेडच्या तक्रारी साचू द्यायच्या आणि एका फेरीत उरकायच्या. नाहीतर शेवटी त्याच टेबलावरच्या माणसाला ‘फेरीमागे इतके’ असं तोंडी ठरवून पाठवायचं. काम तोच करतो, पण करारात त्याचं नाव नसतं, म्हणून चारित्र्य पडताळणी नाही आणि जबाबदारीही नाही. पोलीस ठाण्याच्या आतल्या यंत्राला हात लावणाऱ्या माणसाबाबत हे चालता कामा नये. उपठेकेदार चालेल, पण नावानिशी आणि पडताळणी करून, एवढी अट घालायला काहीच अवघड नाही.

दुसरी मेख पैशाच्या मांडणीत. कॅमेरे विकत घ्यायला एकरकमी निधी मिळतो, उद्घाटन होतं, फोटो निघतात. वॉरंटी संपल्यावरच्या देखभालीला मात्र दरवर्षी तरतूद लागते आणि तिथे हात आखडतो. शहाणी निविदा खरेदीचा आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा दर एकाच वेळी मागते आणि दोन्हींच्या बेरजेवर एल-वन ठरवते. बोली लावणारेही कच्च्या गुरूचे चेले नसतात. ते यंत्रांचा दर फुगवतात आणि देखभालीचा नाममात्र लावतात. बेरीज तीच, पण पैसे आधीच खिशात. पुढची पाच वर्षं फोन न उचलायला मग ते मोकळे. म्हणून देखभालीचा किमान हिस्सा निविदेतच बांधून टाकायचा आणि बँक हमी शेवटच्या दिवसापर्यंत अडकवून ठेवायची.

तिसरी मेख मेलेल्या डिस्कची. वॉरंटीत नवी डिस्क हवी असेल तर जुनी परत द्या, हा कंपन्यांचा सर्वसाधारण नियम. पण त्या जुन्या डिस्कवर कोठडीचं, तक्रार द्यायला आलेल्या बायाबापड्यांचं, खबऱ्यांचं चित्रण असतं आणि मेलेल्या डिस्कमधूनही ते काढणारे लोक आहेत. ती पिशवीत घालून बाहेर जाता कामा नये. नष्ट करायची ती ठाण्याच्या नोंदीनेच. असं कलम असलं की कंत्राटदार त्याचा भाव लावतो आणि नसलं की कुणाच्या लक्षातही येत नाही. पासवर्डचंही तेच. करार संपला, नवा कंत्राटदार आला, तरी मुख्य पासवर्ड जुन्याच्या माणसाच्या मोबाइलमध्ये आणि ठाण्याचं थेट दृश्य दाखवणारं अॅपही.

आता आणखी एक पेच आहे. केंद्राच्या नियमांनुसार एप्रिल २०२५ पासून बाजारात येणाऱ्या कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची सरकारमान्य चाचणी पार करावी लागते. त्याआधी जुलै २०२० मध्ये सीमेला लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांवर नोंदणीची अट आली होती. दोन्ही गोष्टी रास्तच. पण दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रणेतला एक कॅमेरा गेला तर त्याच जातीचा दुसरा आता मिळेलच असं नाही. ‘त्याच दर्जाचा किंवा सरस, जुन्या यंत्रणेशी जुळणारा’ असं करारात नसेल तर कंत्राटदार खांदे उडवतो आणि भिंतीवर नुसता स्टँड उरतो.

जालन्यातले तीन वाजले होते का?

चित्रण आहे, पण सोबत त्याचा दाखला नाही, असं झालं तर काय होतं, याचा धडा मराठवाड्यातूनच देशाला मिळाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना २९६ मतांनी हरवलं. २७ सप्टेंबर २०१४ हा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता, मुदत दुपारी तीनची. खोतकरांचा अर्ज तीननंतर आला, असा गोरंट्याल यांचा दावा. पुरावा काय, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं आणि बाहेरचं चित्रण. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्यात सांगितलेला दाखला हवाच, असं न्यायालयाने पक्कं केलं. यंत्र ज्याच्या ताब्यात, तो दाखला देत नसेल तर न्यायालयाकडे तसा आदेश मागता येतो, हेही स्पष्ट केलं.

तो निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही नरिमनच. पाचच महिन्यांनी ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचा निकाल देणाऱ्या पीठावर ते होते. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की देखभालीच्या कराराचं वजन कळतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार दाखल्याचे दोन भाग आहेत, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते आणि फाइलचं हॅश मूल्यही नोंदावं लागतं. यंत्र त्या काळात नीट चालत होतं, हे त्यात सांगावं लागतं. ते कशाच्या जोरावर सांगणार? घड्याळ कधी जुळवलं, डिस्क कधी बदलली, बंद कधी पडलं आणि सुरू कधी झालं, याच्या नोंदवहीच्या. रेकॉर्डरच्या आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ भलतीच तारीख धरून बसतं. ती बॅटरी किरकोळ किमतीत मिळते, पण ती वेळेवर न बदलल्याची किंमत पुढे खटल्यात मोजावी लागते.

शेऱ्याखाली सही

तिमाही भेटीला आलेला तंत्रज्ञ सर्व्हिस रिपोर्टचं पुस्तक उघडतो, टिका मारतो, ठाण्याचा शिक्का घेतो, सही घेतो. त्या कागदावर बिल पास होतं. ज्यांच्यावर नजर ठेवायला यंत्र बसवलं, त्यांनीच ते नीट चालल्याचा दाखला द्यायचा, अशी ही व्यवस्था. यात कुणाचा हेतू वाईट असायचीही गरज नाही. बंदोबस्त, मोहटादेवीचं नवरात्र, मढीच्या कानिफनाथांची होळीपासून पाडव्यापर्यंतची यात्रा, समन्स, पंचनामे या रगाड्यात ठाणे अंमलदार कागद पुढे आला की सही करतो.

२०२० च्या निकालाला ही अडचण दिसली होती. त्याने ठाणे प्रभारीवर जबाबदारी टाकली, पण देखरेख जिल्हा समितीकडे दिली. विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कॅमेरे बंद असतील तर त्या काळात कुणाला अटक केली, कुणाची चौकशी केली, याची नोंद प्रभारीने या समितीला पाठवायची. समितीने दरमहा राज्य समितीला अहवाल द्यायचा आणि साठलेलं चित्रण अधूनमधून स्वतः पाहायचं. बाहेरचा, निवडून आलेला एक माणूस त्यात असावा, हा विचार महत्त्वाचा होता. पण राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुढे काही वर्षं प्रशासक राहिले आणि ती खुर्ची मोकळीच राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये, राजस्थानात आठ महिन्यांत पोलीस कोठडीत अकरा मृत्यू झाल्याच्या बातमीवरून, सर्वोच्च न्यायालयाला हा विषय पुन्हा स्वतःहून हाती घ्यावा लागला. माणसाच्या हस्तक्षेपाविना चालणाऱ्या नियंत्रण कक्षाची चर्चा तिथे झाली. तसे कक्ष होतील तेव्हा होतील. पण त्यांच्याही देखभालीचं कंत्राट कुणाला तरी द्यावंच लागेल आणि हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

म्हणून देखभालीचं बिल कशावर द्यायचं, तेच आधी बदलायला हवं. दर तिमाहीला, बिलावर सही होण्याआधी, मागच्या अठरा महिन्यांतल्या चार तारखा चिठ्ठ्या टाकून काढाव्यात. चार तारखा, चार वेगवेगळे कॅमेरे, त्यांतला एक कोठडीच्या बाहेरचा, वेळ मध्यरात्रीनंतरची. कंत्राटदाराने तिथल्या तिथे ते चित्रण आवाजासकट काढून दाखवावं आणि त्याच्या घड्याळातली वेळ स्टेशन डायरीतल्या नोंदीशी ताडून पाहावी. पाहणारा माणूस ठाण्याचा नसावा. तहसीलदार चालेल, तालुका विधी सेवा समितीचा वकील त्याहून बरा. चित्रण निघालं तर पूर्ण बिल, निघालं नाही तर त्या यंत्राचं त्या तिमाहीचं बिल शून्य. एवढं कलम निविदेत घालायला नवा कायदा लागत नाही की जिल्हा नियोजनाचा वाढीव निधी. फक्त ‘सर्व कॅमेरे सुस्थितीत’ या शेऱ्यावर पैसे देणं बंद करावं लागेल.